वृत्तस्रोताचे कायदेशीर संरक्षण (भारत)

नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर माहिती देणाऱ्याची ओळख न्यायालयाला किंवा तपासयंत्रणेला सांगण्यास पत्रकाराला नकार देता येतो का, यासंबंधीचा कायदा. ‘विश्वसनीय सूत्रां’च्या हवाल्याने रोज बातम्या छापल्या जातात, पण सूत्र कोण, हे न्यायाधीशाने विचारल्यास गप्प राहण्याचा स्पष्ट वैधानिक हक्क भारतात पत्रकाराला नाही.

थेट तरतूद सापडते ती प्रेस कौन्सिल अधिनियम, १९७८ च्या कलम १५(२) मध्ये. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे असे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार कौन्सिलला, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैधानिक संस्थेला, आहेत, मात्र त्यांच्या बळावर वृत्तपत्र, वृत्तसंस्था, संपादक किंवा पत्रकारावर स्रोत सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंमत अशी, की ताकीद देणे आणि ताशेरे ओढणे यापलीकडे या कौन्सिलच्या हाती फारसे काही नाही. जिचे भय नाही, तिच्यासमोरच काय ते संरक्षण! फौजदारी खटल्यात हे कलम कामी येत नाही. वृत्तवाहिन्या आणि संकेतस्थळे तर कौन्सिलच्या कक्षेतच नाहीत.

वकील व अशील, पती व पत्नी यांच्यातील गोपनीय बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. पत्रकारालाही ते मिळावे म्हणून विधी आयोगाने १९८३ च्या ९३व्या अहवालात १३२अ हे नवे कलम सुचवले होते. ते कधीच आले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम या पुराव्याच्या नव्या कायद्यातही नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा पत्रकारांवरील हल्ल्यांपुरता आहे.

उरतो तो राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९(१)(क). पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने फोनवर पाळत ठेवल्याच्या आरोपांच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचे संरक्षण ही वृत्तपत्र-स्वातंत्र्याची एक मूलभूत अट मानली. तरीही जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या एका न्यायालयाने, पत्रकारांना अशी कोणतीही वैधानिक सूट नाही, असे सांगत, पत्रकारांनी स्रोत न सांगितल्याने सीबीआयने दिलेला तपासबंदीचा अहवाल फेटाळला आणि पुढील तपासाचा आदेश दिला.

साक्षीच्या पिंजऱ्यापेक्षा आज धोका मोठा आहे तो जप्तीचा. मोबाइल किंवा लॅपटॉप ताब्यात गेला, की एकही प्रश्न न विचारता चालू बातमीचेच नव्हे, तर जुने स्रोतही उघडे पडतात. अशा जप्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वे हवीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला सुनावले.