तळहाताचा घाम काय सांगतो?

राणीच्या बागेशेजारी असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, म्हणजे १८७२ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर्वांत जुन्या संग्रहालयात, काचेच्या कपाटांत मातीच्या लहान बाहुल्या मांडल्या आहेत. जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे पेहराव, त्यांचे धंदे. मागच्या खेपेला तिथे एक आजी एका कपाटापुढे खिळून उभ्या होत्या. नातू हात ओढत होता, तरी त्या हलेनात. त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे मांडणी करणाऱ्यांना कसं कळावं? अभिप्रायाच्या वहीत तर बहुतेकजण 'छान' एवढंच लिहून जातात.

इथे तळहात कामाला येतो. मन हललं की स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे आपल्या इच्छेविना शरीराची कामं चालवणारी यंत्रणा, घामाच्या ग्रंथींना इशारा देते. तळहातावर अशा ग्रंथी दाटीने असतात आणि त्या उकाड्यापेक्षा मनाच्या खळबळीला जास्त दाद देतात. घाम खारट, म्हणून त्वचेतून वीज किंचित सुलभ वाहते. दोन बोटांना लावलेले सेन्सर हा फरक टिपतात. मात्र तो एक ते तीन सेकंद उशिरा दिसतो, म्हणून माणूस त्याआधी कुठे उभा होता याचीही नोंद लागते. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या कलासंग्रहालयात २००९ साली प्रेक्षकांना खास हातमोजे घालून त्यांची चाल, हृदयाचे ठोके आणि त्वचेतला हा बदल एकत्र मोजला गेला होता.

मुंबईत मात्र सांभाळून. मे महिन्यात भायखळा स्टेशनवरून चालत आलेल्या माणसाचे हात आधीच ओले असतात. त्याला दहा मिनिटं पंख्याखाली बसवून त्याची स्वतःची पायरेषा, म्हणजे शांत असतानाची पातळी, ठरवावी, आणि पुढचे चढउतार तिच्याशीच ताडून पाहावेत.

त्याहून मोठी मर्यादा अशी, की सेन्सर खळबळ किती हे सांगतो, कसली ते नाही. भीतीने फुटलेला घाम आणि आनंदाने फुटलेला घाम त्याला सारखाच. कॅमेऱ्याने चेहरा वाचून भावना ओळखण्याचा दावा तर मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे ऊर भरून आलेला माणूस कितीदा तरी चेहरा कोरा ठेवतो! शिवाय न विचारता कुणाचा चेहरा टिपणं हे घुसखोरीच आहे.

माझ्या मते सेन्सरने फक्त जागा दाखवावी. स्वखुशीने तयार झालेल्या शंभरेक जणांचे आलेख, नावं काढून, एकावर एक ठेवले की कुठल्या कपाटापाशी सगळ्यांचा आलेख उसळतो ते दिसेल. मग तिथे एक बाक टाकावा, प्रकाश जरा मंद करावा, बटण दाबताच त्या धंद्यातल्या माणसाचा आवाज ऐकू यावा. आणि बाकावर टेकलेल्या आजींना कुणीतरी शेजारी बसून विचारावं, "आजी, इथेच का थांबलात?"