गिटारचं पिक: ३५१ घ्यायचं की जॅझ थ्री?

पिक म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी चपटी पट्टी. दुकानातल्या डब्यात ३५१ आणि जॅझ थ्री ही दोन पिकं शेजारी पडलेली असली, की जॅझ थ्री हे ३५१चंच छोटं रूप वाटतं. नाव वाचून ते जॅझ वाजवणाऱ्यांसाठी असेल, असंही वाटतं. दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यापायी नवशिके नको ते पिक घेतात आणि मग महिनोन्‌महिने आपल्या मनगटाला दोष देत राहतात. खरं तर आधी एवढंच पाहायचं: तुमचा हात बहुतेक वेळ सहाही तारांवरून फिरतो, की एकेका तारेवर काम करतो?

३५१ म्हणजे आपण ‘नेहमीचं पिक’ म्हणतो तेच. कडा गोलसर केलेला त्रिकोण, लांबी साधारण तीन सेंटिमीटर. न्यूयॉर्कचे लुइजी डी’आंद्रेया यांनी १९२२ मध्ये सेल्युलॉइड या प्लास्टिकची पिकं कापायला सुरुवात केली. ३५१ हा त्यांच्या कंपनीच्या यादीतला क्रमांक. पुढे गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या पिकांमुळे तो घरोघरी पोहोचला. जॅझ थ्री डनलॉप या कंपनीचं. मूळचं नायलॉनचं, जाडी १.३८ मिलिमीटर, लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. जॅझ वन, टू आणि थ्री यांची अंगलट एकच, फरक टोकाचा: वनचं गोल, टूचं मधलं, थ्रीचं अणकुचीदार. हे पिक आवडीने वापरणाऱ्यांत मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा कर्क हॅमेट आहे आणि रॉक गिटारवादक एरिक जॉन्सनही. यावरून कळेल की संगीताच्या प्रकाराशी याचा फारसा संबंध नाही.

आता हातात काय घडतं ते बघा. ‘जी’ नावाची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरून ऱ्हिदम वाजवताना पिकाला वरच्या जाड तारेपासून खालच्या बारीक तारेपर्यंत न अडकता घसरत जायचं असतं. त्यासाठी बोटांच्या बाहेर पुरेसं टोक हवं आणि तारेला लागताच किंचित वाकणारं अंग हवं. ०.६० किंवा ०.७३ मिलिमीटर जाडीचं ३५१ हे काम सहज करतं. त्याच जागी जॅझ थ्री धरलंत तर बाहेर टोक इवलंसं उरतं, तर्जनीचं पेर तारांना घासतं आणि प्रत्येक फटक्याला आधी ‘टक’ ऐकू येतं, मग कॉर्ड.

एकेरी सुरांवर सगळं उलटं होतं. खाली-वर, खाली-वर असं भरभर वाजवताना पिक तारेच्या खाली जितकं खोल जाईल तितका बाहेर यायला वेळ लागतो. पातळ ३५१ वाकतं, सरळ होतं आणि तेवढ्यात ताल निसटतो. जॅझ थ्री वाकत नाही आणि मुळातच लहान असल्यामुळे दोन-तीन मिलिमीटरच बाहेर राहतं. तारेला स्पर्श होण्याची जागाही बारीक, म्हणून सूर टोकदार आणि स्वच्छ निघतो.

पण इथे एक गफलत सर्रास होते, आणि माझ्या मते खरेदीतल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे. आपण तुलना करतो ती ०.६०च्या ३५१ची आणि १.३८च्या जॅझ थ्रीची. मग जो फरक जाणवतो त्याचं सगळं श्रेय आकाराला देतो. त्यातला बराचसा फरक जाडीचा असतो. म्हणून आधी जाड ३५१ आणा. डनलॉपच्या टॉर्टेक्स नावाच्या पिकांत रंगावरून जाडी कळते: नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.०, जांभळं १.१४. जांभळं घ्या, टोक थोडंच बाहेर ठेवून एकेरी सुरांचा तोच तुकडा, म्हणजे सोलो, वाजवा. अडखळणं थांबलं, तर तुम्हाला जॅझ थ्रीची गरजच नव्हती. जाडी वाढवूनही मागचा भाग मुठीत बोचत असेल, टोक बोथट वाटत असेल, तर मात्र प्रश्न आकाराचाच आहे.

३५१ला आणखी एक सोय आहे. त्याला तीन कोपरे असतात. फिरवून गोल खांद्याने वाजवलं की आवाज मऊ, भरीव होतो. जॅझ थ्रीला कामाचं टोक एकच. नायलॉनचं ते टोक हळूहळू झिजत गोल होतं आणि आपल्या नकळत थ्रीचं टू होऊन बसतं. उजेडात तिरपं धरून पाहा. एका बाजूला चकचकीत उतार दिसेल, कडेवर धातूची गुंडाळी असलेल्या जाड तारांनी पाडलेल्या बारीक रेघा दिसतील. सोलो अचानक मंद वाटू लागला तर अ‍ॅम्प्लिफायरची बटणं फिरवण्याआधी हे तपासा.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाचा विचारही करायला हवा. गुळगुळीत सेल्युलॉइडचं पिक बोटात फिरतं, टॉर्टेक्सचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असल्याने टिकून राहतं. जॅझ थ्रीवरची उठावदार अक्षरं पकडीला मदत करतात. पण पिक लहान असल्याने घामट हातातून ते निसटतंही लवकर.

माझा सल्ला असा: घरगुती मैफलीत अ‍ॅकॉस्टिकवर गाण्यांना साथ करत असाल, तर ३५१, ०.६० ते ०.७३. इलेक्ट्रिकवर लीड, म्हणजे एकेरी सुरांची धून वाजवणं, हाच ध्यास असेल, तर जॅझ थ्री, आणि त्याला निदान दोन आठवडे द्या, पहिल्या दिवशी ते परकंच वाटतं. एकाच कार्यक्रमात दोन्ही करायचं असेल, तर जॅझ थ्री एक्सएल मागा. त्याचं टोक तसंच अणकुचीदार असतं, पण अंग जवळपास ३५१एवढं.