एलएचआर कार्ड गेमला नडत नाही

जळगाव-भुसावळकडे जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालात की कुणीतरी हमखास सांगतं, "भाऊ, एलएचआर घेऊ नको, गेम निम्म्यानेच चालतो." एलएचआर म्हणजे 'लाइट हॅश रेट', क्रिप्टो-नाणी खोदण्याचा वेग मुद्दाम कमी केलेलं कार्ड. त्यावर गेम मंदावतो, हे साफ चूक आहे. का चूक आहे, ते मात्र फार सुंदर आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं. तेव्हा इथेरियम या क्रिप्टो-नाण्याचं मायनिंग करणारे, म्हणजे कार्डावर सतत गणितं सोडवून नाणी खोदणारे, कार्डं गठ्ठ्याने उचलत होते आणि गेम खेळणाऱ्या पोरांना छापील किमतीत कार्ड मिळत नव्हतं. म्हणून कंपनीने या कार्डाचा इथेरियम खोदण्याचा वेग मुद्दाम निम्म्यावर आणला. मे महिन्यापासून इतर नव्या कार्डांवरही तो लगाम आला आणि त्यांना एलएचआर म्हणू लागले.

पण मालक गेम खेळतोय की नाणी खोदतोय, हे कार्डाला कसं कळणार? कंपनीने नेमकी युक्ती उघड केली नाही. इथेरियम मायनिंगच्या खुणा ओळखतो, एवढंच सांगितलं. त्या खुणा मात्र ठळक आहेत, आणि त्या मेमरीत दिसतात.

इथेरियमची तेव्हाची गणितपद्धत होती ईथॅश. एका हॅशसाठी, म्हणजे नाणं खोदण्याच्या एका प्रयत्नासाठी, ती काही जीबींच्या तक्त्यातून ६४ वेळा, दर वेळी १२८ बाइट उचलते. पुढचा तुकडा कुठला, हे आधीचा हाती आल्यावरच ठरतं. गेममध्ये शेजारचे पिक्सेल बहुधा शेजारचाच डेटा मागतात, म्हणून एकदा आणलेलं कॅशमधून, म्हणजे चिपमधल्या छोट्या जलद साठ्यातून, पुन्हा वापरता येतं. गेम म्हणजे केळीच्या बागेत ओळीने घड उतरवणं. ईथॅशमध्ये प्रत्येक झाडावर पुढच्या झाडाचा नंबर लिहिलेला, आणि ते झाड बागेच्या भलत्याच कोपऱ्यात.

आता हिशोब करा. ६४ गुणिले १२८ म्हणजे ८,१९२ बाइट. ३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० अब्ज बाइट देते. भागाकार येतो सेकंदाला सुमारे ४ कोटी ३९ लाख हॅश, आणि लगाम नसलेलं कार्ड खरोखरच याच्या आसपास पोचतं! ३,५८४ कोर, म्हणजे हिशोब करणारे भाग, मेमरीची वाट बघत ताटकळलेले असतात. म्हणून तर मायनर कोरचा वेग उतरवून मेमरीचा चढवायचे. गेममध्ये असा ठसा उमटत नाही, म्हणून लगाम त्याला शिवत नव्हता.

ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), चिप आणि फर्मवेअर (कार्डातच भरलेलं सॉफ्टवेअर) एकमेकांची खात्री करून हा लगाम सांभाळायचे. तरी मार्च २०२१ मध्ये कंपनीच्याच एका बीटा, म्हणजे चाचणीच्या, ड्रायव्हरमधून ३०६० वरचा लगाम चुकून सुटला होता.

 

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं, त्यामुळे आज एलएचआर शिक्क्याला घाबरायचं कारण नाही. कार्ड आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दिवसरात्र खोदत होतं का, हे बघा. दुकानातच अर्धा तास जड गेम चालवा, पंख्याचा खरखराट ऐका आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके उमटतात का ते तपासा.