खोक्यावरचा आकडा: घरगुती मल्टिट्रॅक रेकॉर्डरची पार्श्वभूमी

घरी गाणी रेकॉर्ड करायला स्वतंत्र यंत्र घ्यायचं ठरलं की आधी आकडा दिसतो: ८, १६, २४, ३२. किती ट्रॅकचं (ट्रॅक म्हणजे एकेक आवाज वेगळा साठवायची पट्टी) घ्यावं यावर तासन्‌तास खल होतो. पण हा आकडा नेमकं काय मोजतो, हे यंत्रागणिक बदलत आलं आहे आणि हा घोळ कॅसेटच्या काळापासूनचा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. आधी वाजवलेलं ऐकत त्यावर नवं वाजवायचं, तर टेप मशीनमध्ये एक अडचण होती. फीत आधी रेकॉर्ड हेडसमोरून जाते आणि मग प्लेबॅक हेडपाशी पोचते. या दोन हेडमध्ये चार सेंटिमीटर अंतर धरलं आणि फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असली, तर नवं वादन जुन्याच्या मागे सेकंदाच्या दहाव्या भागाने पडतं. एवढ्यात ठेक्याचा पार विचका होतो. १९५०च्या दशकाच्या मध्याला यावर तोडगा निघाला: जुने ट्रॅक ऐकवण्याचं काम तात्पुरतं रेकॉर्ड हेडकडूनच करून घ्यायचं. या तोडग्याचं आठ ट्रॅकचं, एक इंच रुंद फितीचं यंत्र १९५७ मध्ये एका अमेरिकन गिटारवादकाच्या घरी पोचलं. म्हणजे घरगुती मल्टिट्रॅक तसं पहिल्यापासून आहेच, फक्त ते घर वेगळ्या ऐपतीचं होतं.

सत्तरच्या दशकात चार स्पीकरवर ऐकायच्या क्वाड्राफोनिक संगीताची लाट आली आणि ओसरली. तिच्यासाठी बनलेले पाव इंची फितीचे चार चॅनेलचे डेक मागे राहिले. त्यांतल्या काहींत रेकॉर्ड हेडकडूनच जुनं ऐकवण्याची वरची सोय होती. श्रोत्यांसाठी बनलेला माल वाजवणाऱ्यांच्या कामी आला, तो असा.

खरा बदल १९७९ मध्ये झाला. त्या वर्षी 'पोर्टास्टुडिओ' आला: मिक्सर (आवाजांचं प्रमाण जुळवायचं यंत्र) आणि चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर एकाच खोक्यात. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद. नेहमीच्या स्टीरिओ कॅसेटमध्ये तिच्यावर चार ट्रॅक असतातच, दोन एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या. या यंत्राने चारही एकाच दिशेने वापरले, म्हणजे कॅसेट उलटायची सोय गेली. शिवाय वेग दुप्पट केला, सेकंदाला ४.७६ ऐवजी साडेनऊ सेंटिमीटर. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंधराच मिनिटं मावत. बदल्यात वरच्या पट्टीतले आवाज स्पष्ट आले. तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, एका नामवंत अमेरिकन गायकाने अशाच यंत्रावर दोन माइक लावून घरी केलेली कच्ची रेकॉर्डिंग्ज त्याच रूपात अल्बम म्हणून बाजारात आली. बँडसोबत तीच गाणी पुन्हा करून पाहिली होती, पण रंग भरला नाही.

चार ट्रॅक म्हणजे चार वाद्यं, असा सरळ हिशोब मात्र कधीच नव्हता. तो वाढायचा बाउन्समुळे. ड्रम, बेस आणि गिटार पहिल्या तीन ट्रॅकवर घ्यायचे, तिन्हींचं मिश्रण चौथ्यावर उतरवायचं आणि पहिले तीन पुसून पुन्हा वापरायचे. मग दोन घेऊन तिसऱ्यावर, एक घेऊन दुसऱ्यावर, आणि शेवटी पहिल्यावर एक: झाले सात. प्रत्येक बाउन्सच्या वेळी एक वाद्य थेट वाजवून त्यात मिसळलं तर दहा. माहितीपत्रकांतून हा दहाचा आकडा हौसेने सांगितला जाई. किंमत मात्र प्रत्यक्ष करताना कळे. हेडफोनमध्ये बेस ठीक वाटला म्हणून बाउन्स केला, मूळ ट्रॅक पुसले, वर गाणं चढवलं आणि दुसऱ्या दिवशी स्पीकरवर ऐकलं तर बेस गायब. आता तो वर काढायचा म्हणजे ड्रम आणि गिटारही त्याच्यासोबत वर. दर उतरवणीला फितीची खरखर वाढे आणि झांजांची धार बोथट होई. शेजारच्याच ट्रॅकवर बाउन्स करताना ट्रेबल जास्त चढवला तर यंत्र शिट्टी मारू लागे.

आकड्याला उलटी कात्रीही होती. ड्रम मशीन किंवा सिंथेसायझर टेपसोबत चालवायचा तर एक ट्रॅक सिंकच्या, म्हणजे दोघांचा ठेका जुळवणाऱ्या, किरकिऱ्या सुरासाठी द्यावा लागे. तो सहसा कडेचा, चौथा. शेजारच्या तिसऱ्यावर त्याची गळती ऐकू येई, म्हणून तिथे नाजूक काही ठेवायचं नाही. चारातले उरले अडीच.

आणि मुख्य गोम वेगळीच. १९८३ च्या सुमारास आलेल्या एका स्वस्त, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर ट्रॅक चार होते, पण एका वेळी रेकॉर्ड व्हायचे दोनच. एकट्याने थर चढवत जाणाऱ्याला याने काही फरक पडत नव्हता. चार जणांचा बँड एकदम वाजवून घ्यायचा असेल तर ते दोन ट्रॅकचंच यंत्र. खोक्यावर 'चार' लिहिलेलं खोटं नव्हतं, पण विकत घेणाऱ्याच्या मनातला प्रश्न दुसराच होता. माझ्या मते या विषयातला निम्मा मनस्ताप इथून सुरू होतो.

डिजिटल यंत्रं आली तेव्हा हा घोळ मिटायला हवा होता. १९९१ मध्ये जाहीर झालेल्या आणि पुढच्या वर्षी हाती आलेल्या एडॅटने तो काही काळ मिटवलाही: एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक, आठही एकदम रेकॉर्ड होणारे, आणि आणखी हवे असतील तर यंत्राला यंत्र जोडा. त्या कॅसेटी आज अडगळीत आहेत, पण त्या यंत्रांची आठ चॅनेल नेणारी प्रकाशतंतूची जोडणी इंटरफेसच्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या खोक्याच्या) पाठीवर अजून दिसते.

मग हार्ड डिस्क आली आणि आकडा पुन्हा फुगला. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाच्या एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट लागतात, आठ ट्रॅकना ४२. एक गिगाबाइटची डिस्क म्हणजे आठ ट्रॅकची तेवीस-चोवीस मिनिटं, म्हणून बऱ्याच यंत्रांनी आवाज दाबून (कॉम्प्रेस करून) साठवला. त्याच सुमारास मिनीडिस्कवर चार ट्रॅक घेणारी यंत्रंही निघाली, तीही आवाज दाबूनच. पण जाहिरातीत झळकली ती 'व्हर्च्युअल ट्रॅक'ची कल्पना. १९९६ च्या एका गाजलेल्या यंत्रावर प्रत्येक ट्रॅकच्या पोटात आठ पर्यायी ट्रॅक होते. आठ गुणिले आठ, चौसष्ट. वाजायचे आठच. एकच सोलो आठ वेळा घेऊन त्यातला बरा निवडायला ही सोय उत्तम, पण चौसष्ट वाद्यांची वाट पाहणाऱ्याचा हिरमोड ठरलेला. दोन वर्षांत हा आकडा २५६ वर गेला, तेव्हा एकदम वाजणारे ट्रॅक सोळा होते.

संगणकाने पुढच्या काळात ट्रॅकची मर्यादाच जवळपास काढून टाकली. तिथे अडायला होतं ते इंटरफेसवर माइक लावायच्या जागा किती, इथे. स्वतंत्र यंत्रं तरीही टिकली, मुख्यत्वे ज्यांना गाताना स्क्रीन समोर नको आणि आवाज कानात उशिरा येणं नको त्यांच्यामुळे. मेमरी कार्डावर चालणाऱ्या या पिढीतही आकडा जपून वाचावा लागतो. २४ ट्रॅकच्या एका यंत्रात बारा मोनो ट्रॅक आणि सहा स्टीरिओ जोड्या आहेत. त्याच्या ३२ ट्रॅकच्या थोरल्या भावावर ट्रॅकचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वीसच: आठ मोनो, बारा जोड्या. एका वेळी रेकॉर्ड होणारे ट्रॅक दोन्हींवर आठ. त्याच घराण्यातल्या आठ ट्रॅकच्या धाकट्यावर ते दोन आहेत. म्हणजे ड्रमला चार माइक, बेस, गिटार आणि गायक एकदम घ्यायचे असतील तर २४ आणि ३२ मध्ये काहीच फरक नाही, आणि आठवाल्यावर ते जमतच नाही. कंडेन्सर माइकना लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर किती इनपुटांवर मिळते, हेही खोक्याच्या दर्शनी बाजूला क्वचितच लिहिलेलं असतं.

अलीकडे उलटा प्रवासही दिसतो. तळहाताएवढ्या एका नव्या यंत्रावर पुन्हा चारच ट्रॅक आहेत, आणि शेजारी बाउन्ससाठी खास राखलेला पाचवा. त्यावर उतरवल्याने खरखर वाढत नाही. माइक लावायच्या जागा दोन.