रुई : औषधी उपयोग

रुई (संस्कृत : अर्क, हिंदी : आक, मदार, कुल : ॲपोसायनेसी) हे नाव कोरडवाहू माळ, पडीक रान आणि रस्त्यांच्या कडा व्यापणाऱ्या दोन झुडपांना मिळून दिले जाते. कॅलोट्रॉपिस जायगँशिया या जातीची फुले जांभळट किंवा पांढरी असून पाकळ्या पसरट असतात. कॅलोट्रॉपिस प्रोसेरा या जातीच्या पाकळ्या उभट व टोकाशी जांभळ्या असतात.

औषध आणि विष दोन्ही चिकातच आहेत. पान खुडताच देठातून दुधासारखा चीक ठिबकू लागतो. त्यात हृदयावर परिणाम करणारी कॅलोट्रॉपिनसारखी ग्लायकोसाइडे आणि प्रथिने पचवणारी विकरे असतात. (याच विकरांच्या जोरावर बेनिनमधील फुलानी पशुपालक प्रोसेराच्या रसाने दूध फाडून चीज करतात.) आयुर्वेदाने रुईला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांच्या गटात बसवले, ते योग्यच.

घरगुती वापर मुख्यतः बाहेरून होतो. पानाला तेल लावायचे, तव्यावर शेकायचे आणि सोसवेल इतके गरम असताना दुखऱ्या गुडघ्यावर फडक्याने बांधायचे, ही रीत आजही खेडोपाडी चालू आहे. रुतलेला काटा वर यावा म्हणून त्यावर चिकाचा थेंब सोडतात. नाजूक कातडीवर मात्र तो फोड आणतो. पोटात घेण्याची औषधे वैद्याच्या हातची. अर्कलवणासाठी पाने आणि सैंधव यांचे थर मडक्यात रचून, तोंड बंद करून जाळतात. पोटाच्या विकारांत आणि प्लीहा वाढल्यास ते देत. मुळाची साल वांती करवते. ब्रिटिश अमदानीत ती आमांशावर इपिकॅक या परदेशी वांतिकारक मुळाच्या जागी वापरली गेली.

खरा धोका डोळ्यांना आहे. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यू भुकेपोटी रुईची पाने खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. कथा पाने खाण्याला दोष देते. नेत्रतज्ज्ञांकडे येणाऱ्या रुग्णांच्या मात्र थेट डोळ्यांत चीक गेलेला असतो. मारुतीच्या माळेसाठी पाने खुडून त्याच हाताने डोळा चोळला, तरी तेवढे पुरते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो आणि दिसणे धूसर होते, पण डोळा फारसा ठणकत नाही, त्यामुळे माणूस दवाखाना लांबणीवर टाकतो. अशा वेळी डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि दुखत नसला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावा.