हार्डडिस्क डिटेक्ट होत नाही: लिनक्सच्या जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात एका रविवारी दादरच्या आमच्या बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची मुलगी लॅपटॉप घेऊन वर आली. कॉलेजात एका विषयासाठी लिनक्स लागणार होतं आणि सीनियरने दिलेला डेबियन १० चा, म्हणजे लिनक्सच्या एका आवृत्तीचा, पेन ड्राइव्ह लावून ती सकाळपासून खटपट करत होती. इन्स्टॉलरच्या पार्टिशनच्या पानावर, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या ठिकाणी, यादीत एकच डिस्क दिसत होती, तिचाच १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. लॅपटॉपमधल्या ५१२ जीबीच्या एसएसडीचा पत्ताच नाही. जवळच्या दुरुस्तीवाल्याने न उघडताच निदान करून टाकलं होतं, "एसएसडी गेली, नवीन टाका."

"काका, डिस्क उडाली का हो?"

"अगं, सकाळी याच लॅपटॉपवर विंडोज चालू होतं ना? मग डिस्क उडेल कशी?"

हा प्रश्न मी पंचवीस वर्षं ऐकतो आहे. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत, मित्रांच्या घरी, आता फोनवर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून जरा जास्तच. प्रत्येक वेळी कोणीतरी चांगली डिस्क मोडीत काढायला निघालेलं असतं, नाहीतर लिनक्सचा नाद सोडायला. दोन्हींचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते. बिघाड असतो तो डिस्क आणि कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) यांच्यामध्ये जो कंट्रोलर (डिस्कशी बोलणारी चिप) बसलेला असतो, त्याची आणि कर्नलची ओळख नसण्यात. ही ओळख दर काही वर्षांनी का तुटते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली जाहीर खबर दिली. त्यातच त्याने लिहून ठेवलं होतं की एटी हार्डडिस्कखेरीज दुसरं काही हिला बहुधा कधीच चालणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढीच होती. म्हणजे लिनक्स जन्मली तीच एका प्रकारच्या डिस्कची ओळख घेऊन. एटी हे आयबीएमच्या १९८४ च्या कॉम्प्युटरचं नाव. पुढे वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांनी कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवर चढवला, ती आयडीई; पण बोलण्याची पद्धत त्याच एटीची ठेवली. म्हणून प्रमाणात तिचं नाव एटीए पडलं, आणि आजच्या साटा या जोडणीतला 'एटीए' हाही तोच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मशीन सुरू होताना डिस्क दोनदा पाहिली जाते. पहिल्यांदा मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम, म्हणजे बायोस किंवा आताचं यूईएफआय, स्वतःच्या कोडने पाहतं आणि तिच्यावरून किंवा पेन ड्राइव्हवरून कर्नल मेमरीत उचलून ठेवतं. त्यानंतर कर्नल कारभार हातात घेतो आणि सगळं हार्डवेअर स्वतःच्या ड्रायव्हरांनी (ठरावीक हार्डवेअरशी बोलणाऱ्या कोडने) पुन्हा पहिल्यापासून तपासतो. बायोसला दिसलं म्हणून कर्नलला दिसेलच असं नाही. "बायोसमध्ये येते का?" हा लॅमिंग्टन रोडवरचा पहिला प्रश्न अगदी योग्य आहे, फक्त त्याच्या 'हो'ने निम्मंच उत्तर मिळतं.

नव्वदच्या दशकात हे फ्लॉपीवर ठरायचं. स्लॅकवेअर ही लिनक्सची आवृत्ती १९९३ मध्ये आली तेव्हा बूट फ्लॉपी एक नव्हती, कितीतरी होत्या: नुसत्या आयडीईसाठी वेगळी, निरनिराळ्या स्कझी (डिस्क जोडण्याची दुसरी पद्धत) कार्डांसाठी वेगळ्या. कर्नलमध्ये जो ड्रायव्हर भरलेला तोच चालायचा, म्हणून आपल्या मशीनमध्ये कोणतं कार्ड आहे हे आधी माहीत असावं लागे. १९९५ च्या १.२ कर्नलपासून ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून वेगळे जोडता येऊ लागले आणि २.० च्या सुमाराला इनिटआरडी आली. इनिटआरडी म्हणजे खरी डिस्क सापडेपर्यंत मेमरीत मांडलेली छोटी डिस्क, जिच्यात ड्रायव्हरांची शिदोरी असते. आजचा प्रत्येक इन्स्टॉलर याच युक्तीवर चालतो. म्हणूनच ड्रायव्हर कर्नलमध्ये असणं वेगळं आणि तो या शिदोरीत बांधलेला असणं वेगळं.

त्या काळी मुंबईत ही अडचण दुप्पट व्हायची. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमचं इंटरनेट सुरू झालं, पण नंतरच्या ५६ केबीपीएसच्या डायल-अपवरही ६५० एमबीची एक सीडी उतरवायची तर फोनची लाइन एकदाही न तुटता २५ तासांहून अधिक लागले असते. त्यामुळे लोक मासिकाबरोबर आलेल्या किंवा मित्राकडून कॉपी केलेल्या सीडीवर दोन-दोन वर्षं काढायचे. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला यायचं. फलकावर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात मात्र आजही त्या जुन्या गव्हर्नरचंच. तिथे मदरबोर्ड ताजा मिळायचा आणि घरची सीडी शिळी असायची. कंट्रोलर यंदाचा, कर्नल दोन वर्षांपूर्वीचा. डिस्क न दिसण्याचं इतकं साधं कारण त्या वेळी आम्हाला सुचायचं नाही. आम्ही डिस्कवरचा जंपर (ती पहिली की दुसरी हे ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवरून स्लेव्हवर करून पाहायचो, केबल बदलायचो. कधीकधी दोष खरंच जंपरचा निघायचा, त्यामुळे ती सवय पक्की झाली.

२००३ मध्ये साटा बाजारात आली आणि पहिला मोठा खड्डा पडला. जेफ गार्झिक यांनी तिच्यासाठी लिबएटीए हा नवा ड्रायव्हर-संच लिहिला. तो २.६ मध्ये होता, पण २.४ च्या मुख्य कर्नलमध्ये ऑगस्ट २००४ च्या २.४.२७ पासून आला. तोवरच्या कितीतरी सीड्यांना साटा डिस्क धड कळत नव्हती. २००४ मध्येच इंटेलने एएचसीआय हा खुला आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्याचं महत्त्व कितीही सांगितलं तरी थोडंच. कंट्रोलर कोणाचाही असो, बोलणं ठरलेलं. एकच ड्रायव्हर सगळ्यांना पुरतो. विंडोज एक्सपीला मात्र हे बोलणं मुळात येत नव्हतं. इन्स्टॉल करताना एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. फ्लॉपी नको म्हणून मदरबोर्डवाल्यांनी बायोसमध्ये पर्याय ठेवला: आयडीई, एएचसीआय, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं). आपण आजही ज्या तीन शब्दांपाशी अडतो, ते तिथून आले.

२००६ ची एक आठवण माझ्या फार जवळची आहे. इंटेलने पी९६५ च्या जोडीच्या चिपमधून जुनी आयडीई काढून टाकली. सीडी ड्राइव्ह तर अजून आयडीईचेच होते, म्हणून बोर्डवाल्यांनी जेमायक्रॉनची वेगळी चिप चिकटवली. मी तसा बोर्ड घेतला, लिनक्सची सीडी टाकली, इन्स्टॉलर छान सुरू झाला, भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, आणि मग म्हणाला की सीडी ड्राइव्ह सापडत नाही. ज्या सीडीवरून तो आला होता तीच! मी ड्राइव्ह दुकानात परत नेला, दुसरा आणला, पुन्हा तेच. उत्तर निघालं एका शब्दात: बूटच्या ओळीत 'ऑल-जेनेरिक-आयडीई' लिहा. सीडी वाचून कर्नल आणला होता बायोसने. कर्नलला स्वतःला ती चिप ठाऊक नव्हती. डिस्क दोनदा पाहिली जाण्याची गोष्ट मला कळली ती त्या दिवशी.

त्याच सुमाराला नावं बदलली. आयडीई डिस्क एचडीए म्हणून दिसायची, लिबएटीएने तिला स्कझीसारखं एसडीए केलं. २००७ च्या फेडोरा ७ या लिनक्सच्या आवृत्तीने हे सरसकट केलं आणि जुन्या नावांवर अवलंबून असलेल्या मशीनी अपग्रेडनंतर अडल्या. जुनी आयडीई शाखा २०२१ च्या ५.१४ मध्ये कर्नलमधून पूर्ण निघाली. तिच्यामुळे कोणाचं अडत नव्हतं, पण काढून टाकण्यानेही डिस्क 'हरवते' हे खरं आहे. २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ ने कितीतरी जुन्या रेड कार्डांचा आधार सोडला, आणि छोट्या ऑफिसांतले जुने पण ठणठणीत सर्व्हर नव्या इन्स्टॉलरला बिनडिस्कचे दिसू लागले.

आताच्या लॅपटॉपांचं दुखणं मात्र वेगळ्या जातीचं आहे. एनव्हीएमईचा (नव्या एसएसडींशी बोलण्याच्या पद्धतीचा) पहिला आराखडा मार्च २०११ चा, आणि लिनक्सचा ड्रायव्हर २०१२ च्या ३.३ कर्नलपासून तयार. इंटेलच्याच मॅथ्यू विलकॉक्स यांनी लिहिलेला. म्हणजे या खेपेला लिनक्स मागे नव्हती. अडलं ते इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीपाशी, म्हणजे आरएसटीपाशी. बायोस 'रेड'वर असला की एनव्हीएमई डिस्क पीसीआयच्या (मशीनमधल्या उपकरणांच्या) यादीतून गायब होते आणि एएचसीआय कंट्रोलरच्या पोटात लपते. विंडोजसाठीच्या इंटेलच्या ड्रायव्हरला ती कुठे आहे ते ठाऊक असतं. बाकी कोणाला दार दिसतच नाही. डिस्क एकच असली, रेड करायला दुसरी नसली, तरीही.

सप्टेंबर २०१६ मध्ये लेनोव्होच्या योगा ९०० च्या एका मॉडेलवरून हे जगभर गाजलं. त्यात एएचसीआयचा पर्यायच बायोसमध्ये नव्हता. मायक्रोसॉफ्टने लिनक्सला कुलूप घातलं असा ओरडा झाला. खरं कारण याच लपवाछपवीत होतं, हे लिनक्स डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांनी तेव्हा समजावून सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात लेनोव्होने लिनक्सवाल्यांसाठी वेगळा बायोस दिला. त्यानंतर इंटेलच्या डॅन विल्यम्स यांनी आणि २०१९ मध्ये एन्डलेस या कंपनीच्या डॅनियल ड्रेक यांनी लपलेल्या डिस्कपर्यंत पोचणारा कोड पुढे ठेवला. तो स्वीकारला गेला नाही. हार्डवेअरने पीसीआयचे नियम मोडायचे आणि कर्नलने त्यावर ठिगळं लावत बसायचं, हे देखभाल करणाऱ्यांना मान्य नव्हतं. मला त्यांचं म्हणणं पटतं, जरी त्याची किंमत घरी बसून शिकणाऱ्या मुलांनी मोजली. कर्नलने एक मात्र चांगलं केलं. अशी लपलेली डिस्क आढळली तर तो तसं सांगतो, आणि बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या असंही सांगतो. अडचण इतकीच की हा संदेश डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींच्या, शेकडो ओळींत बुडालेला असतो.

२०२० मध्ये इंटेलच्या अकराव्या पिढीबरोबर लॅपटॉपांत व्हीएमडी आलं, व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. ते मुळात सर्व्हरचं, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१६ च्या ४.५ पासून आहे. लॅपटॉपांतल्या नव्या चिपांची ओळख मात्र हळूहळू भरली गेली. आधीच्या आरएसटीच्या मानाने हे पुष्कळ बरं, कारण नव्या कर्नलला व्हीएमडीच्या आतली डिस्क दिसू शकते. विंडोजच्या कोऱ्या इन्स्टॉलरलाही अशा लॅपटॉपांत डिस्क दिसत नाही आणि तो ड्रायव्हर मागतो. हा दोष लिनक्सचा म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आता त्या मुलीच्या लॅपटॉपाकडे येतो. बायोसच्या माहितीच्या पानावर एसएसडीचं नाव आणि नंबर स्वच्छ लिहिलेला होता. इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ-२ दाबून काळा पडदा उघडला आणि एलएसपीसीआय (उपकरणांची यादी देणारी कमांड) चालवलं. एनव्हीएमई कंट्रोलर यादीत नव्हताच. एक ओळ होती, रेड बस कंट्रोलर, इंटेल, आणि पुढे नाव नाही, नुसता नंबर: ९ए०बी. डेबियन १० जुलै २०१९ चं, चिप २०२० ची. ओळख असणार कुठून? मी तिला ओळीवर बोट ठेवून दाखवलं. "ही बघ तुझी डिस्क, हिच्या आत बसली आहे."

विंडोज ठेवायचं होतं, म्हणून बायोसला हात लावण्याआधी दोन कामं केली. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून वहीत उतरवली. बायोस बदलला की ती मागितली जाऊ शकते, आणि की नसेल तर सगळा डेटा बंद. मग विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट लावून लॅपटॉप रीस्टार्ट केला. हे न करता व्हीएमडी बंद केलं तर विंडोज निळा पडदा दाखवून अडतं, कारण त्याचा नेहमीचा ड्रायव्हर निरुपयोगी झालेला असतो. सेफ मोडमध्ये ते दुसरा धरतं. (दोन डिस्कांची खरी रेड किंवा इंटेलच्या ऑप्टेन कॅशची जोडी असेल तिथे हे मुळीच करू नये.) बायोसमध्ये व्हीएमडीची ओळ दिसेना. काही लॅपटॉपांत ती लपवलेली असते. मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं तशी ती उगवली. डिसेबल केलं, सेव्ह केलं. विंडोज सेफ मोडमध्ये उठलं, सेफ बूटची खूण काढली, पुन्हा नेहमीसारखं सुरू झालं.

मग विंडोजमधूनच डिस्कच्या शेवटी जागा मोकळी केली, ताज्या आवृत्तीचा पेन ड्राइव्ह करून लावला आणि टर्मिनलवर एलएसबीएलके (डिस्कांची यादी देणारी कमांड) तिलाच टाइप करायला लावलं. पेन ड्राइव्हच्या खाली ओळ आली, एनव्हीएमई-झीरो-एन-वन, ४७६.९ जी.

"पण काका, ही तर ५१२ ची आहे."

"कंपनी हजाराने मोजते, हे १०२४ ने. कुठे काही गेलं नाही."

तिने वहीत रिकव्हरी कीच्या खाली तोही आकडा लिहून घेतला आणि इन्स्टॉलवर क्लिक केलं.