बडोद्याची उन्हाळी फुलं : काही फांदीने आली, काही बियांनी

बडोद्यात एप्रिल-मेमध्ये घरोघरी फुलणाऱ्या झाडांचे सरळ दोन गट पडतात. मोगऱ्याला आपल्याकडे बी जवळजवळ धरतच नाही, म्हणून तो एका घरातून दुसऱ्या घरी जातो तो फांदीने. झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल बियांनी जातात. देवघेव झाली की महिन्या-दोन महिन्यांनी तक्रारी येतात. ‘तुमच्याकडे एवढा फुलतो, आमच्याकडे नुसती पानं’ ही मोगऱ्याची तक्रार, आणि ‘बी तुमचंच, पण फुलं एकेरी आली’ ही झिनियाची. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, कारण दोघांचा इथवरचा प्रवासच वेगळा आहे.

१७३४ मध्ये बडोदं गायकवाडांच्या ताब्यात आलं आणि मराठी कुटुंबं इथे स्थिरावू लागली. त्यांच्याबरोबर चैत्रगौरीचं हळदीकुंकूही आलं. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि हातात मोगऱ्याची फुलं किंवा गजरा. मोगऱ्याचा पहिला मोठा बहर नेमका याच महिन्यातला. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत मोगऱ्याची छाटणी या सणावरून मागे मोजायची, आणि हिशेब अजूनही तोच: छाटणीपासून भरघोस फुलांपर्यंत सुमारे दोन महिने.

छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करावी. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, मग फांद्या निम्म्यावर आणायच्या, उरलेली पानं ओरबाडायची, वरची दोन इंच माती उकरून दोन-तीन दिवस ऊन द्यायचं. १२ इंची कुंडीला तीन-चार मुठी कुजलेलं शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा. घरात तो चालत नसेल तर चमचाभर सुपर फॉस्फेट. मग पाणी सुरू. नुसती पानं येतात त्याची कारणं बहुधा दोनच: युरियाचा हात सैल सुटलेला असतो, नाहीतर झाड पाच-सहा तासांच्या उन्हात नसतं. बाल्कनीत छान सावलीला ठेवलेला मोगरा हिरवागार राहतो आणि फुलत नाही. कळ्या जांभळट पडून गळू लागल्या तर त्यांत कळी पोखरणारी अळी असते. त्या कळ्या खुडून घराबाहेर टाकाव्यात, कुंडीत नव्हे, आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल फवारावं. लिटरभर पाण्याला पाच मिली तेल आणि ते मिसळण्यापुरता द्रवसाबण पुरतो. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्यावर हे फार होतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, कुंड्यांची हौस पसरायला इथे आजवा तलावाचं पाणी कारण झालं असं मानायला हरकत नाही. त्याआधी विहिरीचं पाणी शेंदून आधी घर भागवायचं, मग देवाच्या फुलझाडांना. हंगामी फुलांना भर मेमध्ये कोण घालणार? महाराजा सयाजीराव तिसऱ्यांच्या काळात आजवा तलाव बांधला गेला आणि १८९० च्या दशकात शहराला नळाचं पाणी मिळू लागलं.

बागेचा नमुनाही त्याच काळातला. सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, १८७९ ची. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल १८९३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले आणि १९०८ मध्ये बंगळूरच्या लालबागेला गेले. ऋतूनुसार वाफे बदलायचे, एका रंगाची रांग लावायची ही त्या पिढीच्या सार्वजनिक बागांची पद्धत. अंगणातल्या वाफ्यांवर तिची छाप अजून दिसते.

या वाफ्यांतली बरीचशी फुलं अमेरिका खंडातली. झिनिया मेक्सिकोची, लिनिअसने १७५९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ झिन यांच्यावरून हे नाव दिलं. कॉसमॉसही मेक्सिकोचाच, १७९१ मध्ये माद्रिदमध्ये काव्हानिलेसने त्याला नाव दिलं. ऑफिस टाइम, म्हणजे पोर्चुलाका, दक्षिण अमेरिकेतलं. मेक्सिकोत झिनिया पावसाळी उन्हाळ्यात फुलते. म्हणजे तिला उष्णता चालते, पण बडोद्याची ४२-४३ अंशांची कोरडी दुपार नाही. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये पेरावी. बी चार-सहा दिवसांत उगवतं. चार पानांवर रोप हलवावं, दोन रोपांत नऊ-दहा इंच अंतर ठेवावं, बोटभर उंचीची झाली की शेंडा खुडावा. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच. संध्याकाळी पानांवर शिंपडलं आणि रोपं दाट असली की भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, ठरलेली.

आता एकेरी, म्हणजे पाकळ्यांचा एकच थर असलेल्या, फुलांचं. विकतच्या पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी पुढच्या वर्षी आईसारखं येणार नाही. संकरित नसलं तरी मधमाश्या शेजारच्या एकेरी फुलाचा पराग आणतातच. म्हणून चांगल्या दुहेरी झाडाच्या पहिल्या फुलाला दोरा बांधून ते राखावं, जवळची एकेरी झाडं फुलायच्या आत उपटावीत, आणि फुलाचा देठ तपकिरी झाल्यावरच ते खुडावं. ओलसर फूल काढलं तर बी पोकळ निघतं. बी सावलीत आठवडाभर सुकवून कागदाच्या पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धवट सुकलेलं बी ठेवलं की जुलैत बुरशी आलीच म्हणून समजा.

मोगरा वाटायचा तर दाब कलम सगळ्यात खात्रीचं. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की पेन्सिलीएवढी जाड फांदी वाकवून एका पेऱ्याखाली तिरका, अर्ध्यापर्यंत काप द्यावा, तो भाग दोन इंच मातीत दाबून वर वीट ठेवावी. पाच-सहा आठवड्यांनी वीट हलवून हलकेच ओढून पाहावं. फांदी अडली तर मुळं धरली. आईपासून तोडल्यावर पंधरा दिवस तिथेच राहू द्यावी. लगेच उपटून पाहुण्यांच्या हाती दिलेली रोपं जगत नाहीत. आणि देताना जात सांगावी: बटमोगऱ्याची कळी गोल, मदनबाणाची लांबट टोकदार. ऑफिस टाइमला एवढा खटाटोप लागत नाही, तीन इंची तुकडा वाळूमिश्रित मातीत खोचला की झालं. फक्त पहिले दोन दिवस पाण्याचा हात आखडता ठेवावा, नाहीतर खालून सडतो.